पाय बघणारे तांडेल काका

काल आई बाजारात निघाली. दारात तिने आधी दोन्ही चपला उचलून लादीवर आपटल्या, मग उलट्या केल्या, आतून बोट फिरवलं आणि मग पायात घातल्या. आमच्या बोरिवलीच्या घरात हे आता दीड वर्ष रोज चालतं, त्यामुळे कोणाचं लक्षही जात नाही. काल माझं गेलं आणि मला एकदम तांडेल काका आठवले, म्हणजे इतके आठवले की मी ऑफिसला निघायचं सोडून चपलांच्या कपाटावर बसून राहिले. तेव्हाच ठरवलं की हे लिहून टाकायचं. मला साहित्यिक वगैरे लिहिता येत नाही, बोलते तसंच टाईप होतं, सांभाळून घ्या.

तांडेल काका ड्रेसर होते. म्हणजे दवाखान्यात जखमा धुऊन, साफ करून पट्ट्या बांधणारा माणूस. अंधेरीला एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे, तिथे डायबेटिसवाल्यांच्या पायांसाठी एक वेगळी खोली, आणि ती खोली म्हणजे काका. मी न्यूट्रिशनचा कोर्स करून तिथे काउन्सेलर म्हणून लागले होते. पहिलीच नोकरी. पेशंटना चांगल्या सवयी लावायच्या हे माझं काम. मी तर नुसती पेटले होते. घरी तीन रात्री बसून एक तक्ता बनवला, 'चौदा सवयी, तीस दिवस', पाणी, झोप, चालणं, श्वास, साखर, सगळं, प्रत्येकापुढे चौकोन, चौकोनात टिक करायची, आणि आठवडा पूर्ण झाला की हसरा चेहरा. लॅमिनेट करून आणला. दिसेल त्याच्या हातात कोंबला.

चौथ्या दिवशी काकांच्या खोलीत गेले तर माझा तक्ता जमिनीवर पसरलेला, त्यावर एका आजोबांचा पाय, आणि पायावरून सलाईनचं पाणी माझ्या हसऱ्या चेहऱ्यांवर गळतंय.

काका मान वर न करता म्हणाले, "लॅमिनेट केलंत ते बेस केलंत मॅडम. पानी मुरत नाय."

मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नसावं. त्यांना माणसांची तोंडं फारशी कळायचीच नाहीत, ते पाय बघायचे. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर आधी खाली बघायचे, मग म्हणायचे, "हां, तुमी. टाच भरली का?"

काका वर्सोव्याचे, कोळीवाड्यातले. बुटके, रुंद, साठीला आलेले, पांढरा हाफ शर्ट, आणि खिशाला पेनाच्या जागी एक छोटी टॉर्च. लहानपणी बापाबरोबर बोटीवर जायचे एवढंच मला माहीत आहे. तिथून दवाखान्यात कसे आले ते मी कधी विचारलं नाही. हात मात्र जाळं ओढणाऱ्याचेच, जाड, खरबरीत, आणि त्याच हातांनी जखमेवरचा कापूस असा उचलायचे की पेशंटला कळायचं नाही. अर्थात तिथे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या पायांना काहीच कळत नव्हतं. साखरेने नसा मरतात, पाय बधिर होतात. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. म्हणजे काय ते पवार रिक्षावाल्यांनी दाखवलं.

पवार आले ते हसत आले. म्हणाले, रिक्षात रक्ताचे डाग पडतायत, पॅसेंजरच्या सीटवर नाही, माझ्या ब्रेकवर, बघा काय भानगड आहे. काका म्हणाले चप्पल काढा. चप्पल निघेना. पवार ओढतायत, हसतायत, चप्पल पायाला चिकटलेली. काकांनी खाली वाकून टॉर्च मारली. एक इंचाचा खिळा चपलेतून आरपार टाचेत गेला होता. पवारांनी सकाळपासून तसाच ब्रेक मारला होता, मालाड ते विमानतळ, दिवसभर. काकांनी खिळा काढून त्यांच्या हातावर ठेवला, आणि तो मोठा बाप्या खिळ्याकडे बघून रडायला लागला. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणूनच रडत होते.

त्यांचं झाल्यावर काकांनी तो खिळा धुतला आणि खिडकीतल्या बरणीत टाकला. लोणच्याची काचेची बरणी होती ती. त्यात लोकांच्या चपलाबुटांतून निघालेल्या वस्तू. ड्रॉइंग पिना, शर्टाचं बटण, खेळण्यातल्या गाडीचं चाक, बांगडीची काच, खेकड्याच्या नांगीचं टोक, एक अख्खं गणपतीच्या मखराचं थर्माकोलचं फूल ज्यात टाचणी होती. नवीन पेशंट आला की काका काही बोलायच्या आधी बरणी हलवून वाजवायचे. खुळखुळ्यासारखी. मग म्हणायचे, ही सगळी मानसं पन बोलत होती, आमाला काय झालं नाय.

त्या दिवशी मी दोन दिवसांचा अबोला सोडला आणि विचारलं, की काका, माझ्या तक्त्यात चुकलं काय?

"चुकलं काय नाय. चौदा हायत. चौदा तर मी पन करत नाय. एक सांगा, बाय. एकच. पाय बघा. रोज. बस."

त्या दिवसापासून मी मॅडमची बाय झाले. बाय म्हणजे त्यांच्याकडे मुलीला म्हणतात तसं.

आणि मग मी त्यांचं काम नीट बघायला लागले यार, आणि मला कळलं की कोर्समध्ये आम्हाला जे तीन वर्षं शिकवत होते ते हा माणूस स्टुलावर बसून करतोय. तो कोणालाही 'सकाळी आठ वाजता पाय तपासा' असं सांगायचा नाही. तो विचारायचा, उठल्या उठल्या काय करता? एक मावशी लाजत म्हणाल्या, मशेरी लावते. दवाखान्यात मशेरीचं नाव काढायला बायका घाबरतात, डॉक्टर ओरडतात. काका म्हणाले, किती वेळ लावता? दहा मिनिटं. मग त्या दहा मिनिटांत तुमचा एक हात रिकामा असतो ना, त्या हातात आरसा धरायचा आणि तळवा बघायचा. कोणाला चहा उकळेपर्यंत. कोणाला टीव्हीवर जाहिराती लागल्या की. एक बँकेतले साहेब होते, ते म्हणाले मी उठल्यावर मोबाईल बघतो. काका म्हणाले, मग मोबाईल रात्री पायांपाशी ठेवून झोपा. साहेब हसले, पण केलं त्यांनी.

आरसे काका स्वतः आणायचे, गुलाबी प्लास्टिकच्या कडांचे, स्टेशनबाहेर मिळतात ते. पहिल्या ड्रेसिंगला प्रत्येकाला एक. तुमचा डोला तलव्यापर्यंत पोचत नाय, आरसा पोचतो, एवढंच म्हणायचे. मग बोटांमधलं पाणी पुसायचं, भेगांना तेल, पण बोटांच्या मध्ये तेल नाही, चप्पल झटकायची. सगळं मिळून पाच मिनिटं. आणि पुढच्या वेळी पेशंट आला की तो बघतो की नाही हे काका विचारायचे नाहीत. आरसा मागायचे. आरशावर धूळ असली की गप्प बसायचे, आणि ते गप्प बसले की भलेभले गयावया करायला लागायचे.

अजून एक. मास्क ते पहिलं एक मिनिट लावायचे नाहीत. पट्टी सोडायच्या आधी वास घ्यायचे. मला घाण वाटायची सुरुवातीला. पण पेशंट दारात असताना काका म्हणायचे, ह्याला आत घेऊ नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला पाठवा, आणि डॉक्टर पट्टी उघडून बघायचे तर खरंच आत सडलेलं असायचं. नाक होतं त्यांचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सगळ्यात अवघड केस म्हणजे बायकांची जोडवी. पाय सुजतो, बोट सुजतं, जोडवं रुततं, त्याच्या खाली जखम होते आणि कोणाला दिसत नाही. आणि बायका काढत नाहीत. अजिबात नाही. मंगळसूत्र बांगड्या एक वेळ ऑपरेशनला काढतील, जोडवं नाही, कारण ते नवरा गेल्यावरच काढायचं असतं. काकांकडे अंगठी कापायचं कटर होतं, पण ते शेवटचं. आधी साबण आणि दोरा. त्याच्या आधी बोलणं.

पाटकर काकू म्हणून एक होत्या, आंबोलीच्या, मूळच्या मालवणकडच्या. बोट निळं पडलेलं. त्यांनी पायच वर घेतला. म्हणाल्या, "माजो घोव जितो आसा, जोडवी कित्याक काढू?" बरोबर त्यांचे मिस्टर उभे, ते पण हिच्याकडे बघतायत, काकांकडे बघतायत, त्यांना तर आपल्याच मरणाची चर्चा चालल्यासारखं वाटत असणार. काकांनी पाऊण तास घालवला. बाहेर लाईन. शेवटी म्हणाले, काकू, काढून फेका कोन बोलतंय, ही मंगलसूत्रात ओवा. पायात होता तर नवरा चिखलातून चालत होता, आता गल्याशी राहील. पाटकर काकू हसल्या आणि पाय पुढे केला. दोऱ्याने निघालं. खाली हाड दिसत होतं. बोट वाचलं, थोडक्यात.

हे गळ्याचं वाक्य ते प्रत्येक बाईला म्हणायचे. मी ते माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकलं होतं, खूप जणींनी बदाम पाठवले.

मग फेब्रुवारीत त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं.

वर्सोव्याला त्यांची गल्ली अगदी शेवटी, खाडीकडे. दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, त्या वासातून डोकं बाजूला काढत आपण चालायचं. हिराकाकी, म्हणजे त्यांची बायको, मासळीबाजारात बसायच्या, पहाटे जाऊन दुपारी यायच्या. आवाज असा की मी गल्लीच्या तोंडाशी असताना त्या घरातून काकांना झापत होत्या ते ऐकू आलं. मला बघून म्हणाल्या, ये गो बाय, हा मानूस जगाचे पाय धुतो आनि स्वतःची ताटली धुवायला सांगितली तर ह्याची कंबर धरते. काका खुश. हसताना त्यांचे दात पहिल्यांदाच दिसले मला. कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, मी तीन खाल्ल्या.

जेवताना काकी मांडी घालून बसल्या होत्या आणि माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. सवयच लागली होती ना आता. दोन्ही पाय सुजलेले, बर्फाच्या पाण्यात उभं राहून राहून पांढरट, आणि दुसऱ्या बोटात चांदीची जाड जोडवी, इतकी रुतलेली की वरून मांस आलेलं. साखर मला माहीत होती, काकांनीच कधीतरी सांगितलं होतं की तीनशेच्या खाली येत नाही. मी काही न कळता बोलून गेले, काकी, ही जोडवी काढायला हवी.

काकींनी गाऊन ओढून पाय झाकले. काका ताटातला काटा बाजूला करत राहिले, काटा नव्हताच तिथे.

नंतर बाहेर ओट्यावर काकांनी सांगितलं. काकी त्यांना पायाला हात लावू देत नाहीत. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा नसतो, तिला पाप लागतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, एकदाही नाही. बधिर आहे का ते कापसाने बघू दे म्हटलं तरी नाही. आरसा दिला होता, मशेरीच्या डबीशेजारी ठेवला होता, स्वतःच. त्या आरशात काकी कुंकू लावतात. संध्याकाळी काका ओट्यावर बसून स्वतःचे पाय बघतात, त्या शेजारी बसून सुकट निवडतात, काका विचारतात, तुझे बघितलेस? त्या म्हणतात, बघितले. संपलं.

मग ते म्हणाले, "बाय, तुला दाखवील ती. तू बघशील?"

मी म्हटलं, हे काय विचारणं झालं, दर रविवारी येते. मला इतकं भारी वाटलं की काका माझ्याकडे काहीतरी मागतायत. परत जाताना मी मोबाईलमध्ये अलार्म लावला, रविवार, दुपारी तीन, 'काकी पाय'.

आणि गेले मी. पाच रविवार गेले. काकी कुरकुर करायच्या पण पाय पुढे करायच्या, आणि मी टॉर्च मारून, बोटांमधून पुसून, भेगांना तेल लावून यायचे, त्या मला बाजारातल्या भांडणांच्या गोष्टी सांगायच्या. काका तेव्हा मुद्दाम बाहेर जाऊन उभे राहायचे. जोडव्यांचा विषय मी दर वेळी काढायचे. गळ्याचं वाक्य म्हणून बघितलं. काकी म्हणाल्या, ते वाक्य मीच त्याला शिकवलंय, मला नको सांगू. पाचव्या रविवारी त्यांनी खरं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी काकांना हार्टचा झटका आला होता, काकी आयसीयूच्या बाहेर अडीच दिवस बसून होत्या, आणि अडीच दिवस ही जोडवी बोटात फिरवत होत्या. तेव्हा फिरायची. डॉक्टरांनी आशा सोडली होती, तरी तो माणूस उठला. "आता तूच सांग," त्या म्हणाल्या, "मी कशी काढू?"

मी तेल लावलं आणि निघाले.

सहाव्या रविवारी मैत्रिणीचं लग्न होतं ठाण्याला. सातव्या रविवारी मला ताप होता, खरंच होता. आठव्या रविवारी काही नव्हतं. अलार्म वाजला, मी बंद केला आणि झोपले. ऊन होतं, बोरिवलीहून वर्सोवा लांब वाटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं. दवाखान्यात सोमवारी काकांनी विचारलं नाही. ते विचारायचे नाहीतच. मी त्यांच्याकडे बघणं टाळलं.

त्या तीन आठवड्यांत कधीतरी बाजारात शिंगाळ्याचा काटा काकींच्या त्याच बोटात गेला. शिंगाळा म्हणजे मिशाळ मासा, त्याच्या परावरचा काटा विषारी असतो. एरवी माणूस किंचाळतो. काकींना कळलं नाही. बोट सुजलं, जोडवं आवळलं गेलं, रक्त जायचं बंद झालं. त्यांनी रंग बदललेला बघितला होता. हळद लावून चिंधी बांधली आणि वर मोजे घातले. एप्रिलमध्ये, वर्सोव्यात, मोजे. काकांनी विचारलं तर म्हणाल्या, बर्फाने गारठते.

आणि वास. ज्या माणसाला दारातून वास यायचा, त्याच्या घरात, अंगणात, उशाशी सुकट होती. सगळीकडे एकच वास. काका शेजारी झोपत होते आणि त्यांना आला नाही.

काकी बाजारात टोपलीवरच कोसळल्या तेव्हा कळलं.

मी हॉस्पिटलमध्ये पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. बोट काढलं होतं, पण विष वर चढत होतं. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल असं सांगितलं होतं, साखर खाली आली की. काकी शुद्धीवर होत्या, तापात होत्या. ड्रेसिंगची वेळ झाली, तिथला ड्रेसर आला, नवीन होता, पट्टी ओढूनच काढायला लागला. काका त्याला म्हणाले, जरा बाजूला हो दादा, मी तीस वर्षं हेच करतोय. त्याने नर्सकडे बघितलं, नर्सने मान डोलावली.

काकांनी स्टूल ओढलं. टॉवेल मांडीवर घेतला, जसा रोज घ्यायचे. काकींनी पाय ओढायचा प्रयत्न केला, ओढता येईना.

"नको ओ," त्या म्हणाल्या. "तुमी नको. मना पाप नका लावू जाता जाता."

काका म्हणाले, "मी नवरा नाय आता. मी ड्रेसर हाय. पाय सैल सोड."

आणि त्यांनी तो पाय मांडीवर घेतला. सलाईन ओतलं, कडेने धुतलं, हळू, बोटं एकेक सुटी करत, उरलेली. काकी छताकडे बघत होत्या आणि त्यांच्या कानाकडे पाणी जात होतं. मला तिथून निघून जायचं होतं पण माझ्या हातात सलाईनची बाटली होती. दुसऱ्या पायातलं जोडवं अजून तसंच होतं. काकांनी ते पण काढलं, साबण आणि दोरा. काकींनी तो पाय ओढला नाही. कापलेल्या बोटातलं आधीच नर्सने एका छोट्या पिशवीत घालून दिलेलं होतं, कटरने तोडलेलं, उघड्या तोंडाचं.

नंतर जिन्यात बसलो होतो. मी रडत होते आणि एकदम सगळं ओकले, लग्न, ताप, आठवा रविवार, अलार्म बंद केला, झोपले. मला वाटलं ते ओरडतील. ओरडायला हवं होतं त्यांनी.

काका आपल्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "तू तीन रविवार नाय बघितलंस. मी छत्तीस वर्षं नाय बघितलं." मग हात मांडीवर पुसले. "पापाचं तिचं होतं, बाय. जोडव्याचं माझं. मी जोर केला असता तर काढलं असतं तिने. पन झटका आल्यापासून मलाच भीती वाटायची. तिने काढलं आनि मला काय झालं तर. लोकांच्या बायकांना मी शानपन शिकवत होतो, आनि घरी गेलो की ते जोडवं बघून मला बरं वाटायचं."

खाली कँटीनमधून कोणीतरी डबे घेऊन वर येत होतं, आम्ही पाय आखडून जागा दिली.

पाय काढला. त्यानंतर काकी सहा दिवस होत्या. विष रक्तात गेलं होतं. कोळीवाड्यातल्या बायका म्हणत होत्या, सवाष्ण गेली, नशीबवान. हिरवी साडी, कपाळभर कुंकू, खणानारळाने ओटी भरली. काका एका कोपऱ्यात उभे होते आणि जो तो हेच बोलत होता, नशीबवान, नशीबवान. पायांवरून चादर होती.

पंधराव्या दिवशी ते कामावर आले. सगळं तसंच, शर्ट, टॉर्च, स्टूल. बरणी खिडकीत नव्हती. मी विचारलं नाही. पेशंटना आरसे देत होते, एकच सांगत होते, पाय बघा. फक्त आता बरोबर आलेल्या नवऱ्याला बाहेर बसू द्यायचे नाहीत. आत बोलवायचे, खाली बसवायचे, आणि बायकोचा पाय त्याच्या हातात द्यायचे. किती जण कानकोंडे व्हायचे, किती बायका पाय आखडायच्या. एक जण तर भांडलेच, म्हणाले हे काय नाटक आहे. काका पट्टी हातात धरून थांबले, तो माणूस खाली बसेपर्यंत.

माझ्याशी वाईट वागले नाहीत कधी. बाय म्हणायचे. पण घरी ये म्हणाले नाहीत परत, आणि मी पण गेले नाही. आईची साखर मी त्याच महिन्यात तपासून घेतली. निघाली. तेव्हापासून सकाळी तिचा चहा उकळेपर्यंत मी ओट्याखाली बसते आणि तिचे पाय बघते. रविवारी पण.

ऑगस्टमध्ये मला दुसरीकडे नोकरी लागली. शेवटच्या दिवशी मी निरोप घ्यायला काकांच्या खोलीत गेले तेव्हा एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, जोगेश्वरीच्या, एकट्याच आलेल्या. पाय स्टुलावर. दोन्ही जोडवी रुतलेली, डावं बोट जांभळं. काकांनी दोरा काढला होता आणि बाई मान हलवत होत्या. म्हणत होत्या, दादा, सगळं ऐकते, हे नको सांगू, आमचे हे आधीच आजारी आहेत.

मला वाटलं आता ते गळ्याचं वाक्य येईल. मी वाट बघत होते. ते वाक्य मी काकी गेल्यापासून ऐकलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

काकांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. आत गळ्यात काळा दोरा होता. तो बाहेर ओढला. त्यात दोन जोडवी ओवलेली, जाड, चांदीची, एक अख्खं आणि एक तोडलेलं, उघड्या तोंडाचं. त्यांनी ती बाईंच्या समोर धरली, बरणी वाजवायचे तसं नाही, नुसती धरली. बाई बघत राहिल्या. तोडलेल्या तोंडाला बोट लावलं त्यांनी. मग पाय ओढून साडीखाली घेतला.

"बसतो मी," काका म्हणाले. "मना घाई नाय."

बाहेर लाईन होती, नर्स दोनदा डोकावून गेली. मी दारात उभी होते, माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता तो मी तिथेच टेबलावर ठेवला. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी निघाले तेव्हा ते तसेच स्टुलावर होते, मांडीवर टॉवेल पसरलेला, एका हातात दोरा, दुसरा हात पुढे, उघडा, आणि बाईंचा पाय अजून साडीखालीच होता.